तेलाचा उतारा

कागल सोडून दूधगंगेचा पूल ओलांडला की कर्नाटकातल्या कोगनोळीची हद्द लागते आणि हायवेच्या कडेनं पेट्रोल पंप सुरू होतात. डिझेल महाराष्ट्रापेक्षा इतक्या रुपयांनी स्वस्त, असे मोठाले फलक, आणि तेही मराठीत, कारण गिऱ्हाईक कुठून येणार हे पंपवाल्याला पक्कं ठाऊक. दोन्ही सरकारं कर वरखाली करतात तसा हा फरक कमी-जास्त होतो, पण स्वस्ताई बहुतेक वेळा आमच्या बाजूला राहिली आहे. सीमाप्रश्नाचं घोंगडं 2004 पासून सुप्रीम कोर्टात भिजत पडलंय. डिझेलपुरता मात्र तो इथं रोज सुटतो. एमएच 09 च्या गाड्या येतात, टाकी फुल्ल करतात आणि वळून परत जातात.

आता यातल्या किती जणांना हे परवडतं? धरा, लिटरमागं तीन रुपयांचा फरक आहे. कोल्हापुरातून कुणी मुद्दाम चारचाकी काढून आला, चाळीस लिटर भरलं, एकशेवीस रुपये वाचले. जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर झाले, त्यात अडीच-तीन लिटर जळलं. म्हणजे अडीचशेच्या वर गेले. कागलहून मोटरसायकलवर येणाऱ्याचं तरी कुठं जमतंय? दहा लिटरमागं तीस रुपये वाचवायला पस्तीसेक रुपयांचं पेट्रोल जळतं. खरा फायदा पुण्याहून बंगळूरला निघालेल्या ट्रकवाल्याचा, ज्याला इथून जायचंच होतं. तरी लोक येतात. टाकी भरताना मशीनवर आकडा फिरताना दिसतो. येताना जळलेल्याचा आकडा कुठंच दिसत नाही.

फरक तीनऐवजी तीस रुपये झाला तर कोल्हापूरकराची फेरी लगेच फायद्यात येईल. रुपयाचं गणित असं भावाबरोबर कूस बदलतं. लिटरचं गणित मात्र भावाला भीक घालत नाही. पंप इतका लांब नेऊन ठेवा की चाळीस लिटर आणायला चाळीस लिटर जळेल. मग पेट्रोल शंभर रुपये असो नाहीतर हजार, ती फेरी वायाच. भाव वाढला तर आणलेल्याचा वाढला, तसा जळलेल्याचाही वाढला.

जगातल्या तेलाच्या धंद्याला नेमकं हेच लागू आहे. तेल कधी संपणार, हा प्रश्न लोक मला विचारतात, कारण मी पोरांना भौतिकशास्त्र शिकवतो आणि मला माहीत असणार असा त्यांचा समज आहे. माझं उत्तर ठरलेलं असतं: संपणार नाही. ते जमिनीत राहीलच. बाहेर काढायला जेवढी ऊर्जा लागते तेवढीच त्यातून मिळायला लागली की मग कितीही साठा असला तरी इंधन म्हणून त्याचा उपयोग संपला.

सुरुवात किती सोपी होती ते वाचलं की हेवा वाटतो. 1859 साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या टायटसव्हिलला एडविन ड्रेकला तेल लागलं ते सुमारे 69 फुटांवर. आमच्या रायबाग-अथणीकडच्या जुन्या विहिरी खोलीला याच्या जवळपास जातील. 10 जानेवारी 1901 ला टेक्सासात स्पिंडलटॉपच्या टेकाडावर तेल उसळलं, ते दीडशे फुटांपर्यंत उडालं असं सांगतात. दिवसाला एक लाख बॅरलच्या हिशोबानं, आणि नऊ दिवस कुणाला ते आवरता आलं नाही. त्या विहिरीची खोली साडेअकराशे फुटांच्या आसपास. आज आमच्याकडच्या कोरड्या गावांत हजार फुटांचं बोअर पाडणारे महाभाग आहेत, आणि त्यांना मिळतं काय, तर दगडाचं पीठ. आपल्या देशात आसामातल्या दिग्बोईला 1889 ला तेल लागलं आणि 1901 ला तिथं रिफायनरीही उभी राहिली. त्या काळात भोक पाडायचं आणि बाजूला व्हायचं, बाकीचं काम जमिनीतला दाबच करायचा.

त्या तेलात होतं काय, हे एकदा बैलाच्या भाषेत मांडून बघण्यासारखं आहे. लिटरभर डिझेलमध्ये साधारण दहा युनिट ऊर्जा असते, विजेच्या बिलावर असतात तीच युनिटं. इंजिनात त्यातली सत्तर टक्के उष्णता होऊन उडून जाते. तरी तीनेक युनिट काम पदरात पडतं. चांगली बैलजोडी दिवसभर औताला राबली तर चार-साडेचार युनिट काम होतं. म्हणजे दीड लिटर डिझेल की एका जोडीचा दिवस. माणसाचं तर बोलायलाच नको, घाम गाळून दिवसाला अर्धं युनिट. शिवाय बैलाला काम असो नसो, वैरण रोज लागते. माझ्या आजोबांच्या रानातला एक मोठा तुकडा कायम शाळवाच्या कडब्यासाठी राखलेला असे. त्या काळचा तो इंधनखर्चच. जोडी जितकं खाते त्याहून जास्त पिकवून देत नसती तर कुणी दावणीला बांधली असती?

तेलाच्या बाबतीत हा प्रश्न नीट शिस्तीत विचारणारा माणूस म्हणजे चार्ल्स हॉल. अमेरिकन परिसरशास्त्रज्ञ, आणि तेलाकडं आला तो माशांच्या वाटेनं. नॉर्थ कॅरोलायनातल्या एका ओढ्यात मासे प्रवाहाविरुद्ध वर का जातात, एवढी दमछाक त्यांना का परवडते, याचा अभ्यास तो करत होता. उत्तर असं निघालं की वर जाण्यात खर्च होतो त्याच्या कितीतरी पट त्या स्थलांतरातून परत मिळतं. हाच हिशोब त्यानं पुढं कटलर क्लीव्हलंडबरोबर तेलविहिरींना लावला. 1981 साली त्यांनी दाखवलं की अमेरिकेत जितकं जास्त खोदावं तितकं दर फुटामागं मिळणारं तेल कमी होत गेलंय. मिळालेली ऊर्जा भागिले खर्च केलेली ऊर्जा, या गुणोत्तराला ते ईआरओआय म्हणतात. उसातून किती साखर निघाली त्याला आमच्याकडं उतारा म्हणतात. उसाच्या मुलखातला माणूस मी, मी आपला ऊर्जेचा उतारा म्हणतो.

आकडे सांगायचे तर अमेरिकेत 1930 च्या दशकातल्या शोधांसाठी एकाला शंभर असा उतारा नेहमी सांगितला जातो. तो जुन्या, विरळ नोंदींवर बेतलेला आहे आणि त्यावरून तज्ज्ञांत वाद आहेत, म्हणून मी तो जपूनच वापरतो. जगातल्या तेल आणि वायूचा मिळून हॉल आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये मांडलेला अंदाज जास्त कामाचा: 1999 च्या सुमारास एकाला 35, आणि 2006 पर्यंत एकाला 18. सात वर्षांत निम्म्यावर.

वर्गात मी हे सांगतो तेव्हा पोरं म्हणतात, सर, अठरा म्हणजे भरपूर की. खरंच भरपूर आहे. या गणिताची खोडी तिथंच आहे. उतारा पन्नास असेल तर मिळालेल्या प्रत्येक रुपयातले दोन पैसे पुढच्या खोदकामाला ठेवायचे, अठ्ठ्याण्णव आपले. वीस झाला तर पाच पैसे ठेवायचे. पन्नासाचे वीस झाले, निम्म्याहून जास्त घसरले, आणि घरात कुणाला पत्ता नाही. दहा झाला तर दहा पैसे, अजूनही चाललंय. पाच झाला तर वीस पैसे. तीनवर तेहतीस. दोनवर अर्धा रुपया गेला. एकवर सगळाच गेला. फळ्यावर याचा आलेख काढला की तो बराच वेळ सपाट जातो आणि शेवटी कड्यासारखा तुटतो. आंबोलीचा घाट उतरलेल्याला वेगळं सांगायला नको: चंदगडपासून रस्ता असा सपाट येतो की आपण डोंगराच्या टोकावर आहोत हे धुकं फाटेपर्यंत कळत नाही.

आणि एक म्हणजे शेवटची पायरी नव्हे. विहिरीच्या तोंडाशी आलेलं कच्चं तेल कुणाच्या कामाचं नाही. ते वाहून न्यायचं, शुद्ध करायचं, पंपापर्यंत आणायचं. ते जाळायला ट्रक हवा, ट्रकला रस्ता आणि पूल हवेत, आणि ते बांधायलाही ऊर्जा लागते. हे सगळं धरून हॉलच्या गटानं म्हटलं की विहिरीच्या तोंडाशी निदान एकाला तीन हवेत. तेवढ्यात ट्रक जेमतेम धावेल. शाळा, दवाखाने, कॉलेजातल्या मास्तरांचे पगार यासाठी वर आणखी लागणार.

शहापुरातला माझा एक मित्र पॉलिटेक्निक करून मुंबईच्या समुद्रातल्या तेलक्षेत्रावर कामाला लागला. चौदा दिवस पाण्यात, चौदा दिवस घरी. तो गावी आला की संध्याकाळी गप्पा होतात, आणि मी त्याला तेलाबद्दल विचारून भंडावतो. एकदा तो वैतागून म्हणाला, "अरे, विहिरीतून तेल येतंय असं तुला वाटतंय काय? पाणी येतंय. त्याच्यासंगट थोडं तेल."

ते कसं, हे त्यानं कागदावर काढून दाखवलं. 1974 च्या फेब्रुवारीत 'सागर सम्राट' या समुद्रात खोदणाऱ्या रिगनं बॉम्बे हायला तेल शोधलं, 1976 ला उत्पादन सुरू झालं, तेव्हा खडकातला दाब ताजा होता. तेल खडकाच्या बारीक छिद्रांत असतं, तळ्यासारखं साठलेलं नसतं, त्यामुळं दाब उतरला की ते जागचं हलत नाही. मग समुद्राचंच पाणी घ्यायचं, गाळायचं, त्यातला प्राणवायू काढायचा, नाहीतर पाईप गंजतात, आणि मोठ्या पंपांनी ते वेगळ्या विहिरींतून खाली दाबायचं. ते पाणी तेलाला ढकलत पुढं आणतं. काही वर्षांनी ढकलणारं पाणीच तेलाच्या विहिरीतून वर यायला लागतं. जगातल्या जुन्या क्षेत्रांत वर येणाऱ्या शंभर भागांतले ऐंशी-नव्वद भाग पाणी असणं नवलाचं नाही. त्या पाण्यालाही वर उचलायला तेवढीच ऊर्जा लागते. विहिरीच्या पंपाला कुठं कळतंय आपण काय उचलतोय. वर आल्यावर ते वेगळं करायचं, साफ करायचं. नळीतला स्तंभ हलका व्हावा म्हणून खालून वायू सोडायचा, तो आधी दाबून घ्यायचा, त्याला कॉम्प्रेसर. आणि समुद्रात वीज कुठून येणार? त्याच क्षेत्रातला वायू टर्बाईनमध्ये जाळून.

इथं माझे कान टवकारले. हा जळणारा वायू विकला जात नाही, त्याचं कुठं बिल फाटत नाही. खर्चाच्या वहीत तो डोळ्यांत भरेल असा येत नाही. पण ऊर्जेच्या वहीत तो पहिल्या ओळीवर आहे. 2025 च्या जानेवारीत या क्षेत्राचं उत्पादन वाढवायला बीपी या ब्रिटिश कंपनीला तांत्रिक मदतीसाठी निवडल्याची बातमी आली तेव्हा मी मित्राला फोन केला. तो म्हणाला, "वाढेल की. खरं सुरुवातीचं तेल सायीसारखं वर होतं, आता भांडं खरवडायचंय."

भांडं खरवडण्याचे प्रकार देशोदेशी वेगवेगळे. राजस्थानात बाडमेरला 2004 साली मंगला क्षेत्र सापडलं, मोठं क्षेत्र, पण तेलात मेण इतकं की ते गार झालं की गोठतं. म्हणून तिथून गुजरातच्या किनाऱ्यापर्यंत सहाशे किलोमीटरहून लांब पाईपलाईन टाकली ती सबंध वाटभर तापवत नेणारी. कॅनडात अल्बर्टाला तर तेल म्हणजे डांबर माखलेली वाळू: एका बॅरलसाठी साधारण दोन टन वाळू उपसायची आणि गरम पाण्यानं धुवायची, किंवा खोल असेल तर नैसर्गिक वायू जाळून वाफ करायची आणि ती जमिनीत सोडायची. तिथला उतारा एक आकडी, तोही खालच्या अंगाचा. मेक्सिकोच्या आखातात 2010 साली स्फोट होऊन अकरा माणसं गेली ती विहीर दीड किलोमीटर पाण्याखाली आणि त्यापुढं चार किलोमीटर खडकात होती. हौसेनं कुणी तिथं जात नाही. 69 फुटांवरचं उरलं नाही म्हणून जातात.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की 'तेलाचं शिखर' वगैरे भाकितं करणारे तोंडावर आपटले. आक्षेपात तथ्य आहे. हबर्ट नावाच्या भूवैज्ञानिकानं 1956 ला सांगितलं की अमेरिकेचं उत्पादन 1970 च्या आसपास कळस गाठून उतरेल, आणि ते 1970 ला उतरायला लागलंही. पण मग शेल, म्हणजे घट्ट थरांच्या खडकात अडकलेलं तेल, आलं. खडक आडवा भेदून, पाणी-वाळूच्या दाबानं फोडून तेल काढायला लागले, आणि 2018 ला अमेरिकेनं 1970 चा उच्चांक मोडला. हबर्टनं हे धरलं नव्हतं. मात्र शेलची विहीर पहिल्याच वर्षात निम्म्याहून जास्त आटते, म्हणून शेजारी दुसरी पाडायची, मग तिसरी. उत्पादन टिकवायलाच सतत खोदत राहावं लागतं. बॅरलं मोजणाऱ्यांना विक्रम दिसतो. त्यातली किती बॅरलं पुढच्या खोदाईत जातात हे मोजणारे थोडे.

मग उतारा एकाच्या खाली आला की तेल काढणं बंद पडेल का? लगेच नाही, आणि याची मला जास्त काळजी वाटते. डिझेल वाहनात भरता येतं, वायू सहजासहजी येत नाही, कोळसा तर नाहीच. त्यामुळं स्वस्त वायूची दोन युनिटं जाळून महाग डिझेलचं एक युनिट मिळालं तरी कंपनीला रुपयात नफा होऊ शकतो. तिथं तेल हा ऊर्जेचा झरा राहत नाही, एका इंधनाचं दुसरं इंधन करून देणारा कारखाना होतो. तोट्यातलं काम नफा दाखवत चालू राहतं, जोवर पलीकडून कुणीतरी स्वस्त ऊर्जा पुरवतंय तोवर.

असला कारखाना आम्ही लहानपणापासून बघतोय, फक्त तो प्रामाणिक होता. निपाणी-चिकोडीकडं दिवाळीनंतर गुऱ्हाळं लागायची. चरकातून निघालेला रस काहिलीत, काहिलीखाली चुलवाण, आणि चुलवाणात जाळायला त्याच उसाची चिपाडं. चरकातून पडलेलं ओलं चिपाड पसरून वाळवायचं काम बायकांकडं असे, आणि गुऱ्हाळाचा जीव त्या वाळवणात असायचा. रसात ऐंशी टक्क्यांवर पाणी, ते सगळं उडवल्याशिवाय गूळ नाही. टनभर उसाला शंभर-सव्वाशे किलो गूळ, बाकीचं पाणी वाफ होऊन गेलं पाहिजे, आणि तेवढा जाळ त्याच टनाच्या चिपाडातून निघाला पाहिजे. भेंडीचं पाणी टाकून वर आलेली घाण झाऱ्यानं काढता काढता गुळव्या एक डोळा काहिलीवर ठेवायचा आणि दुसरा चिपाडाच्या ढिगावर. हंगाम नीट गेला तर ढीग थोडा शिल्लक राही.

पण डिसेंबरात अवकाळीनं गाठलं की सगळं फिसकटायचं. भिजलेलं चिपाड चुलवाणात टाकलं की पहिला जाळ त्याचं स्वतःचं पाणी उडवण्यातच जायचा. धूर डोळ्यांत, काहिलीत उकळी नाही, रस आंबायला लागलेला. मग बांधावरची बाभळ तोडा, जुनी लाकडं आणा, कुणाकडून सरपण विकत घ्या. त्या दिवसाचा गूळ बाजारात त्याच भावानं जायचा, पण गुळव्याला माहीत असायचं की हा गूळ उसाच्या जिवावर झालेला नाही, बाभळीच्या जिवावर झालाय. त्याला कुणी गुणोत्तर शिकवलं नव्हतं. जळण त्याच्या डोळ्यांसमोर होतं एवढंच.

आता गुऱ्हाळं कमी झाली, जिल्ह्यात साखर कारखान्यांच्या चिमण्या दिसतात, आणि त्यांच्याशेजारी इथेनॉलची युनिटं. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलातलं 85 टक्क्यांहून जास्त बाहेरून येतं, तेव्हा पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल मिसळण्याची घाई समजण्यासारखी आहे. आमच्या बाजूनं त्यात चांगलंही पुष्कळ आहे. चिपाडावरच बॉयलर चालतो, त्याच वाफेवर वीज होते, उरली तर विकली जाते. अमेरिकेतल्या मक्याच्या इथेनॉलचा उतारा एकाच्या जेमतेम वर, तर ब्राझीलच्या उसाचा एकाला आठच्या आसपास सांगतात, तो या चिपाडामुळंच.

पण ब्राझीलचा आकडा आणून इथं चिकटवणाऱ्यांशी माझं भांडण आहे. साओ पाउलोकडचा ऊस बहुतांशी पावसावर येतो. आमचा येतो पंपावर. त्याला युरिया लागतो, युरिया होतो नैसर्गिक वायूपासून, आणि तो वायू पुष्कळसा आयात केलेला. नांगरटीला आणि वाहतुकीला डिझेल. आंबवलेल्या मळीत अल्कोहोल असतं आठ-दहा टक्के, बाकी पुन्हा पाणी, ते वेगळं करायला पुन्हा वाफ. एवढं करून लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांशच ऊर्जा. म्हणून वीस टक्के मिश्रणात लिटरमागं सहा-सात टक्के ऊर्जा कमी भरते, गाडी कमी पळते ही लोकांची तक्रार काही मनाचे खेळ नाहीत. सगळं धरून आपला उतारा एकाच्या वर असेलच. ब्राझीलइतका नसणार. आणि तो किती हे विहिरीवर, म्हणजे पाण्याच्या विहिरीवर, अवलंबून.

रायबाग तालुक्यातले माझे मामा या सगळ्याला माझं खूळ समजतात. त्यांच्या रानात जुनी विहीर आहे, माझ्या लहानपणी तीस फुटांवर पाणी असायचं. आता बोअरला सहाशे फुटांवरून पाणी येतं. हजार लिटर पाणी सहाशे फूट उचलायला, मोटरची आणि पाईपची घट धरून, एक युनिटाच्या वर वीज लागते. तीस फुटांवरून उचलायला त्याचा विसावा भाग लागायचा. म्हणजे तोच ऊस, तेच पाणी, खर्च वीस पट. पण दहा अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपाला कर्नाटकात वीज फुकट. मामांना हा वीस पटीचा आकडा दिसावा तरी कुठं?

परवा ते बोअर आणखी दोनशे फूट वाढवायचं म्हणत होते. मी वही काढली.

"मास्तर, तुझं ते युनिट-बिनिट ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "लाईट फुकट हाय. बोअरवाल्याचं पैसं फिटलं की झालं."

"मामा, फुकट तुम्हाला. रायचूरला कोळसा जळतोयच की."

"जळू दे की. हितं धूर येत न्हाई."

चोख उत्तर. तेलकंपन्यांचे हिशोबनीस यापेक्षा वेगळं काय बोलत असतील? फुकट वीज बंद करा असं मी म्हणत नाही, मामांची वर्षाची मिळकत मला माहीत आहे. गोकाकच्या धबधब्यावर 1880 च्या दशकात कापडगिरणी उभी राहिली ती पाणी आपसूक पडतंय म्हणूनच. तिथं ऊर्जा खरोखर पदरात पडत होती. फुकट मिळणं आणि फुकट दिसणं यातला फरक ज्याच्या खिशातून जातो त्यालाच कळतो, आणि इथं खिसा कुणाचा तेच सापडत नाही. सौर पंपाची गोष्ट निराळी. आपल्या उन्हात पॅनेल बनवायला लागलेली ऊर्जा साधारण वर्ष-दीड वर्षात वसूल होते आणि पॅनेल पंचवीस वर्षं टिकतं, तेव्हा उतारा चांगला. पण आजघडीला पॅनेलची काच वितळते, सांगाडा बनतो आणि ट्रकमधून रायबागला येतो तो कोळशावर, वायूवर आणि डिझेलवर. म्हणून चांगल्या उताऱ्याचं तेल हाताशी आहे तोवर ही कामं उरकून घ्यावीत, एवढंच मला सुचतं. कोगनोळीला मोटरसायकल घेऊन जाणाऱ्यालाही सांगून बघितलंय. ऐकत नाहीत.

साखर कारखान्याच्या वार्षिक सभेचा अहवाल मामांच्या घरी देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर असतो. गाळप किती, उतारा किती, वीज किती विकली, इथेनॉल किती लिटर, नफा-तोटा, सगळं छापलेलं. मी म्हटलं, "मामा, पुढच्या सभेत विचारा की. लिटरभर इथेनॉलमागं डिझेल, युरिया, पंपाची वीज धरून किती ऊर्जा गेली, तेवढा एक रकाना वाढवा म्हणावं."

"इचारतो की," मामा म्हणाले. "खरं आधी माईक तर हातात येऊ दे. गेल्या साली बिलाचं इचारायला उठलो, तवा पयलं माईक बंद पडला. मग पुढच्या रांगेतली 'मंजूर, मंजूर' म्हणून वरडली, आन् सभाच संपली. जेवण मातुर चांगलं हुतं."